टॉर्च पॉझिटिव्ह आलं म्हणून मांजर सोडून यायचं का?

तिसरा महिना चालू आहे, टॉर्च रिपोर्टमध्ये टॉक्सो, रुबेला, सीएमव्ही तिन्ही पॉझिटिव्ह आलंय, घरात चार वर्षांची मांजर आहे आणि सासरचे म्हणतात आजच्या आज सोडून या, बाळाला किती धोका आहे, असं तुम्ही विचारलंय. (टॉर्च म्हणजे गरोदरपणात बाळाला बाधू शकणाऱ्या काही लागणींची रक्ततपासणी. त्यातला टॉक्सो हा परजीवी जंतू, रुबेला आणि सीएमव्ही हे विषाणू.) इथे उत्तरं द्यायची मला सवय नाही. पण हा प्रश्न वाचून हात शिवशिवले, कारण चौदा वर्षांपूर्वी हाच कागद माझ्या हातात होता.

आधी कामाचं. रिपोर्टमध्ये दोन रकाने असतात, आयजीजी आणि आयजीएम. दोन्ही रक्तातल्या अँटिबॉडीज, आयजीजी जुन्या लागणीची खूण, आयजीएम बहुधा ताज्या लागणीची. पॉझिटिव्ह कुठल्या रकान्यात आहे ते तुम्ही लिहिलेलंच नाही. नुसतं आयजीजी असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तो आजार तुम्हाला कधीतरी होऊन गेलाय, किंवा रुबेलाच्या बाबतीत लस मिळालीय, आणि अंगात प्रतिकारशक्ती आहे. रुबेलाचं आयजीजी पॉझिटिव्ह ही तर पेढे वाटावेत अशी बातमी. सीएमव्हीचं म्हणाल तर आपल्याकडे बहुतेक सगळ्या बायकांचं ते पॉझिटिव्हच येतं. बाळाला जास्त धोका असतो तो गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. पण लॅबवाले 'पॉझिटिव्ह' ठळक छापतात आणि घरातले तेवढाच एक शब्द वाचतात.

आमच्या घरात तो शब्द माझ्या धाकट्या दिरांनी मोठ्यानं वाचला होता.

आम्ही इचलकरंजीचे. घरचे आठ माग, खाली खटखटाट, वर आम्ही. मी शाळेत विज्ञान शिकवते, तेव्हाही शिकवत होते. २०११ च्या दिवाळीत माझा पहिला गर्भ आठव्या आठवड्यात पडला. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरबाईंनी टॉर्च करायला सांगितलं. आयजीजी तिन्ही पॉझिटिव्ह, आयजीएम तिन्ही निगेटिव्ह. आज हा कागद कुणी मला दाखवला तर मी म्हणेन, फाइलला लावा आणि जेवायला बसा. तेव्हा मला टॉक्सोसाठी तीन महिन्यांच्या स्पायरामायसिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून मिळाल्या आणि वर एक वाक्य, "मांजर असेल तर लांब ठेवा."

मांजर होतं. मन्या. पिवळा बोका, एका कानाचा तुकडा गेलेला. सासूबाईंना तो मुळातच खपत नव्हता, कारण सुताच्या बॉबिनच्या पेटीत झोपायचा. "पोटुशी बाई आन् घरात मांजर, कुटं बघितलंय का? पैलं प्वार त्यानंच खाल्लं," हे त्यांनी माझ्यादेखत शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दिरांनी त्याला सुताच्या रिकाम्या पोत्यात घातलं आणि गावाबाहेर एका सूतगिरणीच्या मागं सोडून आले. "तितं उंदरं लई हायत वैनी, उपाशी न्हाई मरायचा." मी काही बोलले नाही. आठवीच्या वर्गाला सूक्ष्मजीव शिकवणारी मी, एक शब्द बोलले नाही.

आता टॉक्सोचं खरं गणित सांगते. मांजर साधारण आयुष्यात एकदाच, तिला पहिल्यांदा लागण झाली की एक ते तीन आठवडे विष्ठेतून ते जंतू टाकते. टाकल्या टाकल्या ते लागतही नाहीत, लागण्याजोगे व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची माती रोज बदलायची, ती नवऱ्यानं बदलायची, झाला विषय. चार वर्षं घरातच असलेल्या, घरचा दूधभात खाणाऱ्या मांजरापासून होण्यापेक्षा कच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून, बागेतल्या मातीतून टॉक्सो होण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे मटण कुकरात गाळ होईपर्यंत शिजतं म्हणून बरं. भीती बाळगायची तर कोथिंबीर-मुळ्याची बाळगा, तीन पाण्यांनी धुवा. आणि गर्भ वारंवार पडतो म्हणून टॉर्च करण्याचा काही उपयोग नाही, हे ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं कधीच सांगून ठेवलंय. आपल्याकडे मात्र अजून लिहून देतात.

तर मन्या गेला आणि घर निर्धास्त झालं. राहिलं पाणी.

आमच्याकडे नळाला पाणी दोन दिवसांआड. आलं की पहिली पाच मिनिटं गढूळ, वास येणारं, ते सोडून द्यायचं, मग पिंप भरायचं, कळश्या भरायच्या. पिण्याचं म्हणून स्टीलचा दोन मजली फिल्टर, आत दोन पांढऱ्या कँडल. सासूबाई दर रविवारी जुन्या टूथब्रशनं त्या कँडल घासायच्या, त्यांचा त्या फिल्टरवर देवापेक्षा जास्त विश्वास. माझी आई गडहिंग्लजहून आली की एकच धोशा लावायची, "पाणी उकळून दे पोरीला." आठवडाभर मी उकळलं. मग सासूबाईंनी कॅलेंडरवर सिलिंडरची तारीख दाखवली. एरवी महिना जायचा, तो एकवीस दिवसांत संपला होता. "ग्यास काय फुकट येतोय व्हय? फिल्टर कशाला घेतलाय मग?" मी पातेलं उतरवलं ते उतरवलंच.

कँडलमधून गाळ अडतो, काही जिवाणू अडतात. विषाणू आरामात निघून जातो, त्याच्या दृष्टीनं ते भोक म्हणजे महाद्वार. नळ बंद असताना पाइपात पोकळी होते आणि शेजारून गटार जात असेल तर भेगेतून तिथलं पाणी आत ओढलं जातं, मग पाणी सोडलं की तेच आधी घरात येतं. पाइप कुणाचा आणि चूक कुणाची, यात मी इथे शिरत नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. हेपटायटिस ई, दूषित पाण्यातून पसरणारा विषाणू. हजारो लोक पिवळे पडले, माणसं गेली. आमच्या गल्लीत आधी मागावरचे कामगार, मग माझा नवरा. तो दहा दिवसांत उठून कामाला लागला, कारण धडधाकट माणसाला हा आजार बहुधा तेवढ्यावर सोडतो. गरोदर बाईला सोडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ पोटातच जाण्याचा, लवकर होण्याचा धोका वेगळाच. हे काही आजचं ज्ञान नाही. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात अशी साथ आली, तेव्हा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून गरोदर बायका जास्त मरतायत हे नोंदवून ठेवलं होतं. त्याआधी १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यातून तेच झालं होतं. आणि २०१२ मध्ये आमच्या घरात चर्चा मांजराची.

मला सातवा महिना लागला होता. मळमळ होतीच, ती पोटुशीपणाची म्हणून गेली. अंगाला खाज सुटली, ती उन्हाळ्याची म्हणून गेली. लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी झाली तेव्हा माझं मलाच कळलं. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं पिवळं द्रव्य, नऊच्या वर. सांगलीला हलवलं.

तिथले डॉक्टर औषध फारसं देत नव्हते, कारण या आजारावर गरोदरपणात देण्यासारखं खास औषधच नाही. सलाइन, व्हिटॅमिन के, आणि रोज रक्त गोठण्याची तपासणी. पण दर दोन तासांनी सिस्टर यायच्या आणि विचारायच्या, "ताई, आज वार कुठला? वीसातून तीन गेले किती?" रोज सकाळी एका कागदावर सही करायला लावायच्या. मला वाटलं बिलासाठी असेल. चौथ्या दिवशी कळलं, लिव्हर बसायला लागलं की मेंदूवर परिणाम होतो आणि अक्षर लवकर बिघडायला लागतं. कालच्या सहीशेजारी आजची सही ठेवून बघायचे. तो कागद मी जपून ठेवलाय. पाचव्या दिवसाची सही माझी वाटत नाही, आडनावातला 'ळ' ओळीखाली घसरलाय. सहाव्या दिवसापासून ती परत वर येत गेली.

त्या पाचव्या दिवशी सासूबाई पदराखाली एक बाटली घेऊन आल्या होत्या. कुठल्याशा वाडीतल्या बाबाचा पाला, नाकात दोन थेंब, कावीळ उतरते म्हणे. सिस्टरनं बाटली काढून घेतली आणि त्यांना सगळ्यांसमोर झापलं. बरं केलं. कावीळ झाली की नाकात पाला, गळ्यात माळ, हे करणाऱ्यांना मी आजही तोंडावर बोलते. माळ निदान पोटात जात नाही. पाला आधीच अर्धमेल्या लिव्हरवर जाऊन बसतो.

मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात झाली. दोन किलो शंभर ग्रॅम. आता आठवीत आहे, माझ्याच वर्गात, आणि मला बाई म्हणायला लाजते.

तुम्ही म्हणाल, एवढं होऊन घरात पाण्याचा धडा घेतला असेल. सासूबाई आजही लग्नाकार्यात सांगतात, "ते मांजार घालवलं म्हून नात नीट झाली." चौदा वर्षं. आणि गोळ्यांचं काय, तर त्या मांजराच्या नावानं दिलेल्या गोळ्या मी दिवसातून तीनदा त्याच फिल्टरच्या पाण्याबरोबर गिळत होते. हे मी त्यांना एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "आगं पण गोळ्या घ्यायला पाणी तर लागणारच की."

खरं तर त्यांच्यावर फार बोलू नये. सांगलीला नऊ रात्री त्या माझ्या कॉटखाली चटई टाकून झोपल्या, माझ्या आईला गुडघ्यांमुळे जमलं नसतं. माणूस वाईट नाही. पण गॅसचं त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

परत तुमच्याकडे. मांजर सोडू नका. माती दुसऱ्या कुणाला काढू द्या, तिला कच्चं मांस घालू नका, हात धुवा. टॉर्चपेक्षा महत्त्वाच्या तपासण्या तुमच्या झाल्यात का ते बघा, एचआयव्ही, हेपटायटिस बी, व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी), लघवीचं कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी). या चारांत काही निघालं तर खरंच करण्यासारखं काहीतरी असतं. सिफिलिसला पेनिसिलिनची इंजेक्शनं आहेत, हेपटायटिस बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत लस देतात, एचआयव्हीच्या गोळ्या नीट घेतल्या तर बाळ बहुतेक वेळा लागणीपासून वाचतं. लघवीला जळजळ होत असेल तर लाजून गप्प बसू नका, त्यातून दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. घरात लहान पोर असेल तर त्याचं उष्टं खाऊ नका, सीएमव्ही लाळेतून येतो. ताप आणि अंगावर पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि आधी फोन करून जा, कारण दवाखान्यात बाकीच्या गरोदर बायका बसलेल्या असतात.

रुबेलाला मी हलकं लेखतेय असं समजू नका. ज्यांना तो झालेला नाही आणि लसही नाही, त्यांना पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय, सगळ्यावर येतं. १९४१ मध्ये सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरला मोतीबिंदू घेऊन जन्मलेली तान्ही बाळं बघून पहिल्यांदा हा संबंध लागला. गोवर-रुबेलाची लस दिवस राहण्याच्या आधी घ्यायची, गरोदरपणात देत नाहीत. २०१८ च्या नोव्हेंबरात आमच्या शाळेत ती मोहीम आली तेव्हा व्हॉट्सॲप वाचून नकाराच्या चिठ्ठ्या पाठवणारे पालक मी एकेक करून बोलावले होते.

आणि हो, मी डॉक्टर नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह असेल तर माझं वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही. पण तेव्हाही घाबरून काही निर्णय घेऊ नका. आयजीएम खोटं पॉझिटिव्ह येतं, जुन्या लागणीनंतर कित्येक महिने रेंगाळतंही. ॲव्हिडिटी नावाची तपासणी करायला सांगा, तिच्यातून लागण जुनी की ताजी याचा अंदाज येतो. नुसत्या एका कागदावरून गर्भ पाडायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

आयजीएमच्या रकान्यात काय आहे ते लिहा. आणि घरात पाणी कुठलं पिता तेही, ते तुम्ही लिहिलेलं नाही.