आतल्या गाठीची, घुमी की गूढ?

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचकानं कादंबरीची पहिली ४० पानं वाचून टिपण लिहायला घेतलं. त्यातलं वाक्य : ‘पहिल्याच भेटीत नायिका आतल्या गाठीची असल्याची छाप पाडते.’ मैत्रीण म्हणाली, आतल्या गाठीची फार कडू लागतं, घुमी म्हण. मग ‘गूढ’ लिहून पाहिलं, तेही पटेना. शेवटी ‘गुपितखोर’ असा शब्द स्वतःच घडवला. यांतला कोणता चालेल? सोबत दोन प्रसंगही दिलेत. शेजारीण विचारते, ‘आधी कुठं राहायचात?’ नायिका म्हणते, ‘बऱ्याच ठिकाणी,’ आणि तिच्या मांजराचं कौतुक सुरू करते, ते अर्धा तास. दुसरा : कुणी खोलीत आलं की टेबलावरचं पत्र ती पालथं ठेवते.

मैत्रिणीचा ‘घुमी’ तर मांजराच्या प्रसंगातच बाद होतो. जी बाई अर्धा तास मांजरावर बोलू शकते ती घुमी कशी? घुमं माणूस बोलतच नाही, आणि त्या न बोलण्यात थोडा फुगवटा, थोडी नाराजी असते. अबोल म्हणजे स्वभावानंच कमी बोलणारा, त्यात नाराजी नाही. मितभाषी तर चक्क प्रशस्तिपत्रक आहे. मित म्हणजे मोजलेलं (परिमित, अपरिमित यांतलंच ते), तेव्हा मितभाषी माणूस शब्द मोजून वापरतो. हे तिन्ही शब्द किती बोलतो ते सांगतात, काय बोलत नाही ते सांगत नाहीत. तुमच्या नायिकेची खुबी नेमकी उलटी दिसते, ती बडबडीच्या आडोशाला उभी आहे.

आता ‘आतल्या गाठीची’. शब्दप्रयोग सुंदर आहे. गाठ बाहेरच्या अंगाला असली तर दिसते, नखानं सोडवता येते. आतल्या अंगाला असली तर वरून कापड सपाट, सगळं कसं गुळगुळीत. पण हे आपण कुणाबद्दल आणि कधी म्हणतो ते आठवून पाहा. ‘अहो, तो आतल्या गाठीचा आहे, तुम्हाला वाटतो तसा नाही.’ म्हणणारा त्या माणसाला बरीच वर्षं ओळखत असतो, बहुधा एकदा पोळलेलाही असतो आणि ऐकणाऱ्याला सावध करत असतो. म्हणजे या दोन शब्दांत लपवणं आहे, लपवण्यामागचा डाव असल्याचा संशय आहे आणि शिवाय जुनी ओळख आहे. माझा आक्षेप या तिसऱ्या गोष्टीवर आहे. ४० पानांची ओळख ही काही आतली गाठ कळण्याइतकी ओळख नव्हे. शिवाय पहिल्या भेटीतच जी आतल्या गाठीची दिसली तिची गाठ आतली राहिली कुठं? (पाताळयंत्री हा त्याच्याही पलीकडचा. तो कारस्थान करणाऱ्याला ठेवा.)

‘गूढ’बद्दल थोडं सविस्तर. गुह् म्हणजे लपवणं या धातूपासून गूढ आला. गुहा आणि गुह्य त्याच घरातले. तेव्हा गूढ म्हणजे लपवलेलं, पण कुणी लपवलं ते हा शब्द सांगत नाही. गूढ हास्य म्हणताना हसणाऱ्याच्या मनात खरंच काही आहे की आपल्यालाच तसं वाटतं, हे मोघम राहतं. म्हणून वास्तू, वातावरण, आवाज, हास्य यांना गूढ छान शोभतो. पण पत्र पालथं घालणारा हात मोघम नाही, तो तिचा आहे. ती गूढ म्हटली की तिची कृती पुसली जाते आणि नुसतं धुकं उरतं. कादंबऱ्यांच्या मलपृष्ठांनी हा शब्द इतका झिजवला आहे की मी तरी टाळतो. रहस्यमयचंही तेच, जरी त्याचं मूळ मला फार आवडतं. रहस् म्हणजे एकांत, आणि रहस्य म्हणजे एकांतातली गोष्ट. गुप्त हा शब्द गुप्, म्हणजे राखणं, या धातूचा. अर्थानं तो इथं जवळचा होता, कारण ती खरोखर काहीतरी राखते आहे. पण ‘नायिका गोपनीयता बाळगते’ असं लिहिलं की तिनं नुकतीच मंत्रिपदाची शपथ घेतल्यासारखं वाटतं.

मग लिहायचं काय? विशेषणाचा नाद सोडा, असं मी म्हणेन. नव्यानं भेटलेल्या माणसाला विशेषण लावण्याची घाई झाली की असंच होतं. मराठीत अशा वेळी क्रियापदं फार कामाला येतात.

‘तिचा थांग लागत नाही’ घ्या. थांग म्हणजे पाण्याचा तळ, खोलीचा अंदाज. थांग लागत नाही तो मला, वाचकाला. पाणी खोल आहे की माझीच काठी आखूड, हे वाक्य सांगत नाही, म्हणून पहिल्या भेटीला ते प्रामाणिक आहे. यात एक ‘लागू देत’ घाला : ‘ती थांग लागू देत नाही.’ लगेच सगळी जबाबदारी तिच्याकडे गेली. मांजराच्या प्रसंगाला पहिलं वाक्य पुरेल, पालथ्या पत्राला दुसरं लागेल. ‘ताकास तूर लागू न देणं’ मात्र स्वभावाला लावू नका. ते एखाद्या ठरावीक गोष्टीबद्दल असतं : सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं, पण पत्र कुणाचं याबद्दल तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

माझी स्वतःची पसंती ‘हातचं राखून बोलते’ याला. मला त्यावरून नेहमी बेरजेतला हातचा आठवतो. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. तो एक खाली लिहिलेला दिसत नाही, पण नाहीसाही झालेला नसतो. पुढच्या घरात मिळवावाच लागतो, नाहीतर बेरीज चुकते. कादंबरीतल्या अशा पात्राला याहून जवळचा शब्दप्रयोग मला तरी सुचत नाही.

आणखी एक जागा आहे, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही : क्रियापदाचं शेपूट. ‘ती काहीतरी लपवते आहे’ म्हटलं की तुम्ही साक्षीदार झालात. ‘लपवत असणार’ यात पुरावा नसला तरी खात्री आहे. ‘लपवत असावी’ हा काही खुणा पाहून बांधलेला अंदाज. ‘लपवत असेल’ म्हणजे असेल बापडी, मला काय त्याचं. तुमच्या टिपणाला ‘असावी’ हवं. एवढ्या एका रूपात ‘अजून पुस्तक संपलेलं नाही’ ही कबुली येऊन जाते.

जाता जाता ‘छाप पाडते’. छाप पाडणारा माणूस स्वतःहून पुढे येतो, आणि पडलेली छापही बहुधा चांगलीच असते. तुमची नायिका तर अंग चोरून आहे. तेव्हा एक तर ‘छाप पडते’ म्हणा, नाहीतर ‘सकृद्दर्शनी’ वापरा. सकृत् म्हणजे एकदा, एकदा पाहताना जे दिसलं ते. कोर्टकचेरीच्या भाषेत तो अडकून पडला आहे खरा, पण दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदलेल ही सूचना त्यात आपोआप येते. मी तुमचं वाक्य असं लिहीन : ‘सकृद्दर्शनी नायिका मोकळीढाकळी वाटते, पण ४० पानं झाली तरी तिचा थांग लागत नाही. बोलते खूप, पण हातचं राखून. काहीतरी लपवत असावी.’ पुस्तक संपलं आणि खरंच डाव निघाला, तर ‘आतल्या गाठीची’ तेव्हा खुशाल लिहा.

राहिला तुमचा ‘गुपितखोर’. -खोर फारसीतून आला, खाणारा या अर्थानं : लाचखोर, नफेखोर. पुढं भांडखोर, चहाडखोर असे शब्द झाले, तिथं खाणं गेलं आणि खोड तेवढी राहिली. या रांगेत बसणारा शब्द शिवी होऊनच बाहेर पडतो, म्हणून टिपणात तो नको. पण त्या शेजारणीच्या तोंडी घालून पाहा. अर्धा तास मांजराचं कौतुक ऐकून घरी परतलेली बाई दार लावता लावता दुसरं काय म्हणेल? ‘गुपितखोर मेली!’