ऊती: ‘पेशींचा समूह’ एवढ्यावर भागत नाही

एका वाचकाचा प्रश्न आहे: टिश्यूला मराठीत ऊती म्हणावं की ऊतक? आणि सरळ ‘पेशी’ म्हटलं तर काय बिघडतं?

शेवटचं आधी घेतो, कारण ते ऐकून कान किटले आहेत. ‘बायोप्सीसाठी पेशी काढल्या’ असं बातम्यांत सर्रास असतं. बायोप्सीत बहुधा ऊतीचा तुकडा काढतात. तो मुद्दाम तुकडाच हवा असतो, कारण पेशी एकमेकींशी कशा मांडल्या आहेत, आपली हद्द सोडून खाली घुसल्या आहेत का, हे सुट्या पेशींत दिसत नाही. पेशी म्हणजे सेल. पुढे चला.

चार प्रकार शाळेत झालेच आहेत. अभिस्तर ऊती झाकते, स्नायू ऊती आकुंचन पावते, चेता ऊती संदेश नेते, संयोजी ऊती बांधून धरते. पण ‘ऊती म्हणजे पेशींचा समूह’ ही व्याख्या संयोजी ऊतीपाशी लंगडी पडते. स्नायू हाडाला जोडणारा स्नायूरज्जू सूक्ष्मदर्शकाखाली बघा: कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू शेजारी शेजारी ताणलेले आणि पेशी मधल्या फटींत अंग चोरून रांगेने बसलेल्या. रक्तही संयोजी ऊतीच, आणि त्यात निम्म्याहून अधिक रक्तद्रव. इथे नुसता समूह कुठे आहे? इथे वीण आहे!

आणि ऊती म्हणजे वीणच. संस्कृत ‘वे’ धातू, वयति म्हणजे विणतो. तंतुवाय म्हणजे विणकर, तोही याच घरातला. फ्रेंच ‘तिस्यू’ म्हणजे विणलेलं कापड. हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींचं शास्त्र, यातला ग्रीक ‘हिस्तोस’ म्हणजे माग. झाव्ह्ये बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८०० साली शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या काढल्या त्या सूक्ष्मदर्शकाविना. उकळून, वाळवून, कुजवून, आम्लात टाकून. कापडाची जात ओळखायची हीच तर रीत.

काही विद्वान ऊती ‘अव्’ धातूवरून लावतात: ऊती म्हणजे रक्षण, ऊती शरीराचं रक्षण करते, म्हणून ऊती. ऋग्वेदात रक्षणाची ऊति पानोपानी आहे, हे मान्य. पण ती निराळी ऊति. चेता ऊती कोणाचं रक्षण करते, ते या मंडळींनी एकदा सांगावं.

खरी गंमत ‘ओतप्रोत’मध्ये आहे. लोकांना वाटतं तो ‘ओतणे’वरून आला, भांडं काठोकाठ भरेपर्यंत ओतलं की ओतप्रोत. छे! आ + उत, प्र + उत; उत म्हणजे विणलेलं, त्याच ‘वे’चं रूप. उभं-आडवं विणलेलं ते ओतप्रोत. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? ती ओतण्याबद्दल नाही, विणण्याबद्दल विचारते आहे.

माझा तर सिद्धान्तच आहे की मराठी कानाला हे कुटुंब परकं वाटतं ते आपल्या स्वयंपाकघरामुळे. ‘ओत’ ऐकलं की ओतणे आठवतं, ‘ऊत’ ऐकलं की दूध ऊतू जातं. विणकराचे शब्द आपण पातळ पदार्थांत बुडवून टाकले.

हां, ऊतक. हिंदीत तेच चालतं, मूळही तेच, चूक म्हणता येणार नाही. पण मराठी पाठ्यपुस्तकांत ऊती रुळली आहे, तीच वापरा. मात्र हिंदीतून उचलताना सावध राहा: तिथे मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आणि बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. सुश्रुताने ५०० पेशी मोजल्या आहेत त्याही मांसाच्या. सेलची भानगड तेव्हा नव्हतीच.