दोऱ्याने बांधलेल्या चार ओळी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे जुळारी होते. गेल्या श्रावणात गेले. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय. भाऊ म्हणतो, हॉल घेऊ, पेपरात फोटोसकट जाहिरात देऊ. बाबांना तर फोटो काढून घ्यायलाही संकोच वाटायचा. गिरगावची खोली सोडून आम्ही दहिसरला आलो तेव्हा त्यांनी एक पत्र्याचा डबा टेम्पोत मांडीवर धरून आणला होता. त्यात त्यांची ओळ जुळवायची स्टिक, चिमटा, कामाची वही आणि दोऱ्याने बांधलेल्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, चार ओळी आहेत. अक्षरं उलटी, वाचता येत नाहीत. बायको म्हणते, शिसं आहे, घरात अडीच वर्षांची पोर आहे, भंगारात द्या. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं जुळवली, स्वतःचं नाव कुठेच नाही. त्यांच्यासाठी काय करू?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : आधी डबा भंगारवाल्यापासून लांब ठेवा. बायकोचं मात्र चुकत नाही. खिळ्यांत शिसं असतंच, जोडीला अँटिमनी आणि थोडं कथील. झाकण घट्ट लावून मुलीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. हाताळलंत की साबणाने हात धुवा. पांढरट भुकटी दिसली तर फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण लग्नाआधी चार वर्षं मी गिरगावातच प्रूफं तपासत होते. एका संध्याकाळी अशीच एक प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात आली. प्रूफ मी पास केलं होतं. पुढे मॅटर चौकटीत आवळताना एक खिळा निसटला. मशीनवर चढवायच्या आधी आमच्या वयस्क जुळाऱ्यांनी ओळीवरून बोट फिरवलं आणि थांबले. "बाई, अर्धा स पडलाय." पुण्यस्मरणाचं 'पुण्यमरण' झालं होतं! उलट्या अक्षरांत, तेही चाळिसाच्या बल्बखाली, त्यांना ते दिसलं. चिमट्याने 'स्' बसवला आणि चहाला गेले. मालकाला शब्दाने बोलले नाहीत.

नाव नसल्याचं म्हणता, ते खरंय. 1867च्या कायद्याने पुस्तकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव छापणं सक्तीचं झालं; पण मुद्रक म्हणजे छापखान्याचा मालक. जावजी दादाजीही पोरवयात टाइप घासायचे. 1869मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला, म्हणून ते नाव आपल्याला ठाऊक. जुळाऱ्यांची नावं फार तर पगाराच्या वहीत.

तर ती कामाची वही उघडा. पुस्तकांची नावं सापडली तर भावाला घेऊन दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. 1898पासूनची संस्था आहे, एखादं पुस्तक मिळूही शकेल. मिळालं तर मजकूर वाचत बसू नका. दोन शब्दांमधली जागा बघा. ओळ काठोकाठ भरायची आणि भोकं दिसू द्यायची नाहीत, ही कारागिरी लेखकाची नव्हे, बाबांची.

हॉलचं भावावर सोपवा, पंगतीवरून भावंडांनी भांडू नये. तिथी गुरुजींना विचारून घ्या. जाहिरात द्यायचीच झाली तर फोटो गाळा, नावाखाली 'कंपोझिटर' एवढं येऊ द्या. आणि प्रूफ स्वतः तपासा, माझ्यासारख्यांवर सोडू नका.

राहता राहिल्या त्या चार ओळी. समोर आरसा धरा, सरळ दिसतील. नाहीतर शिक्क्याच्या पॅडची शाई हलक्या हाताने लावा, वर पातळ कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा. दोरा मात्र सोडू नका. सोडलात की खिळ्यांचा ढीग होईल, आणि तो पुन्हा जुळवणारा माणूस आता घरात नाही. काय उमटलं ते मला कळवाल का? त्यांनी एवढं काय सांभाळून ठेवलं होतं, याची मला तुमच्याइतकीच उत्सुकता आहे.