तीन महिने बिनपगारी रजा, की बाबांची भरपगारी?

प्रश्न, थोडक्यात: राहायला ठाण्यात, दोघांचीही नोकरी बीकेसीत. डॉक्टरांनी १५ जून ही तारीख दिली आहे. माझा पगार ८०,००० (बेसिक ४०,०००, हातात ७५,०००). मिस्टरांचा १,१०,०००, हातात ९४,५००, शिवाय वर्षाला १,५०,००० व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग). मला २६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्यांच्या कंपनीत वडिलांनाही १२ आठवडे भरपगारी मिळतात, बाळ वर्षाचं होईपर्यंत, दोन टप्प्यांत. घरच्यांच्या मते मी पुढे तीन महिने बिनपगारी रजा घ्यावी. मिस्टर अप्रेझलच्या (वार्षिक कामगिरी-मूल्यमापनाच्या) भीतीने दोनच आठवडे घेणार म्हणतात. काय करावं?

उत्तर: बिनपगारी रजेचा अर्ज सध्या करू नका. आधी मिस्टरांचे उरलेले १० आठवडे वापरा.

तीन महिन्यांत तुमचे हातात येणारे २,२५,००० जातील, हे तुम्ही मोजलंच असेल. पीएफ मात्र बहुतेक जण विसरतात. बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ४,८०० तुमचे आणि तेवढेच कंपनीचे. तीन महिन्यांचे २८,८०० झाले. एकूण २,५३,८००. 'पगार कमी झाला की टॅक्सही वाचेल' हा हिशेब इथे लागू नाही. वर्षाला ९,६०,००० पगारावर नव्या करप्रणालीत तुम्हाला मुळातच कर बसत नाही, मग वाचणार काय?

आता मिस्टरांची बाजू. पगार चालू, पीएफ चालू. कंपनी व्हेरिएबल पे रजेच्या प्रमाणात कापत असेल (सगळ्या कापत नाहीत), तर १० आठवड्यांचे साधारण २८,८०० जातील. ते २० टक्के कराच्या टप्प्यात आहेत, त्यामुळे सेस (करावरचा उपकर) धरून कर वजा केल्यावर खरा फटका २३,००० च्या आसपास. अप्रेझलची भीती खोटी नाही, पण तिलाही आकडा लावून बघा. समजा रजेमुळे पगारवाढ तीन टक्क्यांनी कमी झाली. महिन्याला ३,३००, कर वजा जाता वर्षाला ३१,००० च्या आसपास. दोन पर्यायांतला २,३०,००० चा फरक भरून निघायला सात वर्षांहून जास्त लागतील. आणि तुम्ही नऊ महिने ऑफिसबाहेर राहिल्यावर तुमच्या पगारवाढीचं काय होईल, हे घरात कुणी विचारलेलं दिसत नाही.

घरखर्चाचंही बघा. तुम्ही लिहिलेला ईएमआय ४१,०००, घरखर्च ४५,००० आणि विमा ६,००० मिळून ९२,००० होतात. एका पगारात एसआयपीचे (दरमहाच्या गुंतवणुकीचे) २०,००० बसतच नाहीत, आणि यात डायपर, लसी अजून धरलेल्याच नाहीत.

तारखा अशा लावा. कायद्याप्रमाणे प्रसूतीच्या तारखेआधी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येतात, पण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या रजेतून जातो. तब्येत बरी असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील, तर १ जूनपासून रजा सुरू करा. ती २९ नोव्हेंबरला संपेल. मिस्टरांनी दोन आठवडे बाळंतपणाच्या वेळी घ्यावेत आणि उरलेले दहा २३ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी. मधला एक आठवडा दोघंही घरी हवेत. बाळ वाटी-चमच्याने किंवा बाटलीने बाबांच्या हातून दूध घेतंय ना, हे तुम्ही ऑफिसला जायला लागण्याआधी कळायला हवं. इथेच बेत फसतात, आणि मग आईला दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकावी लागते. १५ डिसेंबरला सहा महिने पूर्ण होतील, म्हणजे वरचं अन्न सुरू करण्याचं काम बाबांच्याच वाट्याला येईल. येऊ द्या.

तुमची रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातली, २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची झालेली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, आणि तीच तरतूद तिच्यात आहे. मिस्टरांच्या रजेला असा आधार नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत वडिलांना कंपनी देईल तेवढीच. तुमच्या २६ आठवड्यांतला एकही दिवस त्यांच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे वाटून घेणं म्हणजे एकापाठोपाठ एक लावणं एवढंच. मधेच त्यांनी नोकरी बदलली तर ही रजा गेली.

म्हणून त्यांनी एचआरला आत्ताच ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. १२ आठवडे म्हणजे ८४ सलग दिवस की कामाचे ६०? वर्षाच्या आत रजा सुरू व्हायला हवी की संपायला? रजेनंतर ठरावीक काळात राजीनामा दिला तर पैसे परत मागतात का? सगळ्यात महत्त्वाचं, पॉलिसीत 'प्रायमरी केअरगिव्हर' (बाळाला मुख्यतः सांभाळणारा पालक) असा शब्द आहे का? काही कंपन्या मोठी रजा फक्त त्यालाच देतात आणि जोडीदार त्या वेळी रजेवर नाही असं लिहून घेतात. तसं असेल तर दोघं मिळून घरी राहण्याच्या त्या आठवड्यासाठी त्यांनी साठलेली अर्न्ड लीव्ह (कमावलेली भरपगारी रजा) वापरावी आणि पालक रजा ३० नोव्हेंबरपासून धरावी. ऑक्टोबरमध्येच मॅनेजरकडून वर्षाची टार्गेट्स रजेच्या प्रमाणात कमी करून घ्यावीत. मार्चमध्ये रेटिंगच्या वेळी ही गोष्ट काढली तर ती सबब वाटते.

फेब्रुवारीपासून पाळणाघर. तुम्ही चौकशी केलेलं १४,००० चं ठाण्यातलं ठीक आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आहे, पण सकाळच्या लोकलमधून बाळ बीकेसीला न्यायचं कसं, याचं उत्तर कायद्यात नाही. त्यापेक्षा फेब्रुवारी-मार्चसाठी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम मागा. प्रसूती रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची तरतूद कायद्यात आहे. फक्त कंपनीची संमती लागते.

बिनपगारी रजा राखीव ठेवा: बाळ वेळेआधी आलं, किंवा डॉक्टरांनी सांगितलं तर. तेव्हाही एकदम तीन महिने न मागता चार-चार आठवडे मागा, आणि त्या काळात ग्रुप मेडिक्लेम (कंपनीचा आरोग्य विमा) चालू राहतो का, हप्ता कोण भरतो, हे आधी विचारा. बाळाचं नाव दोघांच्याही पॉलिसीत घालायचं आहे. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी जन्मापासून ३० दिवसांच्या आसपास असते, तेवढी गाठा.