चौदा वर्षं संसार केला आणि नवऱ्याचं नावच खोटं निघालं

पेपरात अशी बातमी आली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. फरार आरोपी नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात राहत होता, लग्न केलं, मुलं झाली, घरच्यांना पत्ताच नव्हता, असं वाचलं की लगेच, 'एवढी वर्षं एका घरात राहून बायकोला कळलं नाही? काहीतरीच काय, तिला माहिती असणारच.' मी समुपदेशक म्हणून काम करते आणि हाच प्रश्न त्या बाईच्या तोंडून ऐकते, फक्त ती तो स्वतःलाच विचारत असते. 'मॅडम, मला कसं कळलं नाही हो?' नवऱ्याचं कर्ज निघू दे, दुसरं घर निघू दे, लपवलेलं आजारपण निघू दे, प्रश्न हाच. पण एका ताईंच्या बाबतीत सगळ्यात मुळातलं, म्हणजे नावच खोटं निघालं, म्हणून त्यांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई पश्चिम महाराष्ट्रातल्या एमआयडीसी असलेल्या एका गावातल्या. नवरा लेथवर काम करायचा, हात चांगला, मालकाचा विश्वासातला माणूस. मालकाच्या ओळखीतूनच स्थळ आलं होतं. आईबाप लहानपणीच गेले, काकानं वाढवलं, काकाही गेला, गावाकडं कोणी राहिलं नाही असं त्यानं सांगितलेलं आणि ताईंच्या वडलांना त्यात वावगं काही वाटलं नाही, उलट पोरगीला सासुरवास नाही म्हणून आई खूश. दोन मुलं, मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. एक दिवस सकाळी एलसीबीची, म्हणजे जिल्हा पोलिसांच्या गुन्हे शाखेची माणसं दारात आली आणि त्याला भलत्याच नावानं हाक मारली, आणि तो वळला. ताई म्हणतात मला बाकी काही नीट आठवत नाही, पण तो त्या नावाला वळला एवढं आठवतं. जमिनीच्या वादातला खून, जन्मठेप, पॅरोलवर बाहेर आला तो परत गेलाच नाही.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा रडत नव्हत्या. एक वही घेऊन आल्या होत्या, त्यात लग्नापासूनच्या 'खुणा' लिहून काढल्या होत्या. लग्नात फोटोग्राफर नको म्हणाला. जत्रेला, लग्नाकार्याला यायचा नाही, गर्दी सोसत नाही म्हणायचा. बँकेत जायचं काम ताईंकडं. मुलीच्या शाळेत गॅदरिंगला मागं उभा राहायचा आणि फोटोच्या वेळी बाहेर जायचा. गाडीचं लायसन काढलं नाही, सायकलवरनं कामाला. दारू नाही, मित्र नाहीत, संध्याकाळी थेट घरी. हे सगळं दाखवून म्हणाल्या, बघा ना, एवढं सगळं समोर होतं आणि मी आंधळी.

मी त्यांना विचारलं की या गोष्टींबद्दल तेव्हा लोक काय म्हणायचे? त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, सगळे म्हणायचे नशीब काढलंस, देवमाणूस मिळाला. आता हेच मला महत्त्वाचं वाटतं. लपलेला माणूस स्वतःला जपण्यासाठी जे जे करतो ते आपल्याकडं चांगल्या नवऱ्याचे गुण म्हणून मोजलं जातं. खर्चिक नाही, मिरवत नाही, बाहेर उंडारत नाही. ज्या खुणा आज त्या वहीत आहेत त्या तेव्हा खुणा नव्हत्याच, त्या गुणांच्या यादीत होत्या, आणि ती यादी फक्त ताईंनी केलेली नव्हती, आईनं, भावजयीनं, शेजारणीनं सगळ्यांनी मिळून केलेली होती. अटक झाल्यावर मात्र ते सगळे बाजूला झाले आणि 'कसं कळलं नाही' एवढं एकट्या ताईंच्या पदरात पडलं. याचा मला खरंच राग येतो.

आणि माणसाला खोटं ओळखता येतं हा आपला मोठा गैरसमज आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये यावरचे शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले, तर समोरचा खरं बोलतोय की खोटं हे लोकांना साधारण 54 टक्के वेळाच बरोबर सांगता आलं. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. कागदांचंही तसंच. ताई म्हणायच्या आधार कार्ड होतं हो त्याचं, सरकारनं दिलेलं. आधार सुरू झालं 2010 मध्ये, पहिलं कार्ड आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात टेंभलीला दिलं गेलं, तोपर्यंत हा माणूस नव्या नावानं गावात चांगला मुरला होता, त्याला ओळखणारे लोक होते, पत्त्याचा दाखला होता. त्याच्या जोरावर कार्ड निघालं आणि मग त्या कार्डावर बाकी सगळं. शाळा, बँक, रेशन ऑफिस यापैकी कोणालाच काही कळलं नाही, मग ते ओझं एकट्या बायकोनं का उचलायचं?

मी त्यांना अमेरिकेतल्या एका केसबद्दलही सांगितलं होतं. क्लीव्हलँडमधल्या एका बँकेतला टेड कॉनराड नावाचा वीस वर्षांचा टेलर, म्हणजे कॅशियर, जुलै 1969 मध्ये शुक्रवारी कागदी पिशवीत 2 लाख 15 हजार डॉलर घेऊन निघून गेला, सोमवारपर्यंत कोणाच्या लक्षातही आलं नाही. तो बोस्टनजवळ थॉमस रँडेल या नावानं पन्नासएक वर्षं राहिला, लग्न केलं, मुलगी झाली, गाड्या विकायचा, गोल्फ शिकवायचा. 2021 मध्ये कॅन्सरनं मरायला टेकला तेव्हा त्यानं घरी खरं सांगितलं. त्याच्या शोधात एका मार्शलची, म्हणजे तिथल्या सरकारी पोलीस अधिकाऱ्याची हयात गेली, शेवटी त्या मार्शलच्या मुलानं, तोही मार्शलच, जुन्या कॉलेजच्या अर्जावरची सही आणि नंतरच्या दिवाळखोरीच्या कागदांवरची सही जुळवून खात्री केली. मुलगी नंतर उघडपणे बोलली की बाबा बाहेर जाताना कायम टोपी घालायचे, आईची फ्रान्सला जायची इच्छा होती तरी परदेशी जायला तयार व्हायचे नाहीत. ताईंनी हे ऐकलं आणि त्यांचा पहिला प्रश्न, 'मग ती मुलगी आता बापाला काय म्हणते?' मी सांगितलं की ती अजूनही त्याला बाबाच म्हणते. अर्थात तिथं पैसे गेले होते, इथं एका माणसाचा जीव गेलाय, हा फरक ताईंनीच काढला आणि तो बरोबर आहे. ज्यांचा माणूस गेला ते इतकी वर्षं काय करत असतील हा विचार त्यांना झोपू देत नव्हता.

पण त्यांना खरं तोडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पोलीस त्याच्यापर्यंत पोचले कसे, तर आदल्या वर्षी त्याची आई वारली आणि त्यानं न राहवून भावाला फोन केला, तिथून माग लागला. म्हणजे सासू जिवंत होती, मुलांना आजी होती. हे सांगताना ताई मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, थांबा, तो मागच्या वर्षी एकदा टक्कल करून आला होता. मिशी पण काढलेली. मी भांडले, हे काय ध्यान करून आलाय, तर म्हणाला केस फार गळायलेत. आणि मग दहा-बारा दिवस गोडाला हात लावला नाही, मुलीच्या वाढदिवसाचा केकसुद्धा नाही, पोट बिघडलंय म्हणाला. सुतक पाळत होता तो. माझ्याच घरात माझ्या सासूचं सुतक होतं आणि मला माहिती नव्हतं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या, खूप रडल्या, आणि मी काहीही समजावलं नाही.

यानंतरचा प्रश्न असतो तो, 'मग आमच्यातलं सगळंच खोटं होतं का?' यावर मी हो किंवा नाही असं उत्तर देत नाही आणि बाईलाही लगेच देऊ देत नाही. माहेरचे म्हणतात विसर त्याला, मेला समज. पण तो मेलेला नाही, जेलमध्ये आहे, आणि ज्याच्याशी लग्न झालं तो माणूस मात्र कुठंच नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन थेरपिस्टनी अशा नुकसानावर आयुष्यभर काम केलंय, माणूस आहे पण नाही, किंवा नाही पण आहे, अशा अवस्थेत दुःखाला शेवटच सापडत नाही असं त्या म्हणतात. राग आणि माया दोन्ही एकाच दिवशी वाटतील, सकाळी त्याचे कपडे जाळावेसे वाटतील आणि रात्री त्याला जेवण बरं मिळत असेल का असं येईल मनात, आणि यातलं कुठलंही ढोंग नाही. त्याचा गुन्हा माफ न करता त्याची आठवण काढता येते. माझं हे मत काही नातेवाईकांना आवडलं नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

मुलांचं काय करायचं हे मात्र थांबवता येत नाही. ताईंचा विचार होता की बाबा दुबईला कामाला गेले असं सांगू. मी स्पष्ट नको म्हणलं. ज्या घरात इतकं मोठं खोटं आत्ताच फुटलंय तिथं दुसरं खोटं आईनं सुरू करू नये, आणि आठवीतल्या पोरीला वर्गात कोणीतरी मोबाईलवर बातमी दाखवणारच. तिला आईकडून आधी कळलं पाहिजे. धाकट्याला थोडक्यात, बाबांनी तू जन्मायच्या आधी एक मोठी चूक केली, कोणालातरी फार इजा झाली, त्याची शिक्षा भोगायला ते गेलेत, यात तुझा काही दोष नाही. मुलीला गुन्हा काय ते नावानिशी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग माझं मधलं नाव कोणाचं आहे?'

आपल्याकडं मुलांच्या नावात बापाचं नाव असतं, त्यामुळं हा प्रश्न तिला प्रत्येक वहीच्या कव्हरवर दिसणार होता. ताईंना वाटलं लगेच बदलून टाकू. मी म्हणलं तिला ठरवू द्या, घाई नाही, फक्त दहावीच्या आधी शाळेत आणि वकिलाकडं चौकशी करून ठेवा, कारण बोर्डाच्या सर्टिफिकेटवर एकदा नाव चढलं की नंतर बदलायला जास्त खटपट लागते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्यात आईचं नाव लावणं सक्तीचं झालंय, हे मुलीला कळल्यावर तिनं स्वतःच वहीवर आईचं नाव लिहायला सुरुवात केली. बापाचं खोडलं नाही.

कायद्याची भीती फार असते म्हणून तेवढं सांगते. पोलीस मलाही धरतील का? चौकशी होते, जबाब घेतात, पण ज्याला माहितीच नव्हतं त्यानं आसरा दिला असं होत नाही, आणि गुन्हेगाराला आसरा देण्याचं कलम, पूर्वी भारतीय दंड विधानात (भादंवि) 212, आता भारतीय न्याय संहितेत 249, त्यात नवरा-बायकोला सूट लिहिलेली आहे. जबाबात जे माहिती तेवढंच सांगायचं, त्याला वाचवायला काही जोडायचं नाही. फसवणुकीवरून लग्न रद्द करायचं असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 मध्ये फसवणूक कळल्यापासून एक वर्षाची मुदत आहे, त्यामुळं निर्णय नंतर घ्या पण वकिलाला लवकर भेटा. लग्न रद्द झालं तरी कलम 16 प्रमाणे मुलं औरसच राहतात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बायकांना आणि मुलांना तिथं उत्पन्नाची अट नाही, फोन 15100.

ताईंचा डब्यांचा धंदा होता, अटकेनंतर निम्म्या लोकांनी डबे बंद केले. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर तिला काय माहिती होतं ते विचारायला जाऊ नका, डबा चालू ठेवा. मुलांना खेळायला बोलवा, मुलांच्या शाळेच्या फीचं बघा, भाड्याचं ॲग्रीमेंट त्याच्या नावावर असेल तर मालकाशी बोलायला सोबत जा. आणि तिला झोप येत नसेल, जीव नकोसा वाटतोय असं ती बोलली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लावून द्या, फोन फुकट आहे, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.