मागे राहणाऱ्याचा वेग

अनेक आशीर्वाद.

मित्रांबरोबरच्या डोंगरभटकंतीसाठीची तुझी सामानाची यादी वाचली. काळजीपूर्वक केली आहेस. पावसाचा कोट, हेडटॉर्च, शिट्टी, नकाशा, काही सुटलेलं नाही. सॅकचं वजन ज्याच्या त्याच्या अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापुढे जाऊ देऊ नका. जड वस्तू मध्यभागी, पाठीला लागून ठेवा. कमरेचा पट्टा आधी आवळा आणि मग खांद्याचे, म्हणजे भार कमरेवर बसेल. सामानाबद्दल एवढं पुरे. तुम्ही पाच जण एकमेकांबरोबर कसे चालणार, याबद्दल मात्र तुझ्या पत्रात एक ओळही नाही, आणि माझ्या अनुभवात डोंगरातला दिवस बहुतेक वेळा तिथेच बिघडतो.

काय होतं ते सांगते. दोघं तरातरा पुढे जातात. चढाच्या टोकाला सॅक टेकवून बसतात, पाणी पितात, दम घेतात. दहा मिनिटांनी मागचा घामाघूम होऊन पोचतो. तो दिसला की पुढचे ‘आला, चला’ म्हणत उठतात. जे फारसे दमलेच नव्हते त्यांना विश्रांती मिळाली, आणि ज्याला तिची खरी गरज होती त्याच्या वाट्याला ती आलीच नाही. असं दोन-चारदा झालं की तो पाणी प्यायलाही थांबत नाही. बुटात खडा टोचला तरी सांगत नाही. पायाखालच्या घसाऱ्याकडे बघायचं सोडून पुढच्यांच्या सॅक शोधत राहतो, आणि घसरतो तोच. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. कुणाच्या मनात वाईट नसतं, तरी एक मित्र दिवसभर ओझं झाल्यासारखा चालतो.

म्हणून निघण्याआधीच ठरवा. वाट दाखवणारा पुढे, त्याच्या मागोमाग सर्वांत सावकाश चालणारा, आणि शेवटी तुमच्यातला सर्वांत दणकट गडी. दोन वाटा फुटतात तिथे सगळे जमल्याशिवाय कुणी पुढे पाऊल टाकायचं नाही. विश्रांती शेवटचा माणूस बसल्यावर सुरू होते आणि ‘निघूया’ तोच म्हणतो. चढावर एक पूर्ण वाक्य बोलताना धाप लागली, तर वेग जास्त आहे. तरीही कुणी मागे पडत असेल तर त्याच्या सॅकमधलं पाणी किंवा तंबू दुसऱ्या कुणीतरी घ्यावा. न विचारता, गाजावाजा न करता घ्यावा. विचारलं की माणूस नाहीच म्हणतो.

वेळेचा हिशेब आदल्या रात्री मांडा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा अजून कामाला येतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वर एक तास. म्हणजे १० किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढाई असेल तर साडेतीन तास. पण हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ आहे. पाठीवर मुक्कामाचं सामान आणि बरोबर मित्र असताना मी त्यात निम्मा वेळ आणखी धरते, म्हणजे सव्वापाच तास. त्यावरून परत फिरायची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना माहीत असू द्या. समोर शिखर दिसत असताना ती वेळ नव्याने ठरवायला बसू नका, कारण तेव्हा प्रत्येकाला ‘अजून थोडंसंच’ वाटत असतं. घड्याळ बंद पडलं तर हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये बोटं आडवी धर. एक बोट म्हणजे साधारण १५ मिनिटं. समोर उंच धार असेल तर सूर्य त्याआधीच आड जाईल, दरीत अंधार लवकर पडेल.

आता ‘मी ठीक आहे’ या उत्तराबद्दल. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस, स्वतःच्या तर मुळीच नाही. फोड येण्याआधी टाचेवर एक लालसर, गरम चट्टा उठतो. तेव्हाच बूट काढून पाय कोरडा केला, चिकटपट्टी लावली, तर पाच मिनिटांत काम होतं. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हटलं तर संध्याकाळपर्यंत कातडी सुटलेली असते आणि दुसरा दिवस सगळ्यांचाच जातो. तुमच्यातल्या दणकट गड्याने पहिल्यांदा ‘थांबा, माझी टाच चावतेय’ म्हणावं. मग बाकीच्यांनाही तोंड उघडायचा धीर येतो.

थंडीचं याहून कठीण. दर हजार मीटर उंचीला तापमान सुमारे ६.५ अंशांनी उतरतं, त्यात कपडे ओले आणि वारा असला की अंगातली ऊब झपाट्याने जाते. गारठलेल्या माणसाला स्वतःचं कळत नाही, मित्रांनाच ओळखावं लागतं. बोलणं जड होतं, जॅकेटची चेन लावता येत नाही, सपाट वाटेवर पाय अडखळतात. कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्तच आहे, तर ती बरं वाटल्याची खूण नव्हे, धोक्याची आहे. लगेच आडोसा, कोरडे कपडे, शुद्धीत असेल तर काहीतरी गोड आणि गरम. मदत बोलवायची वेळ आली तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येतं.

आणि कुणी ‘मला ही वाट बरी वाटत नाही’ म्हणालं, तर त्याला कारणं विचारत बसू नका. एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार, हेही घरूनच ठरवून निघा. असं ठरलं की माणसं खरं बोलतात, आणि चालणंही मोकळं होतं. मग अर्धा अर्धा तास कुणी बोललं नाही तरी चालतं. एखादा फुलापाशी वाकला की मागचेही वाकून बघतात.

एका कागदावर वाट, मुक्कामाची जागा, परतीची वेळ आणि त्यानंतर किती तास वाट बघून मदतीला फोन करायचा ते लिहून घरी ठेव. त्याची एक प्रत निघायच्या आदल्या दिवशी मलाही पाठव.