एकच इंग्रजी शब्द कधी नाम, कधी क्रियापद, कधी विशेषण कसा होतो?

तुम्ही विचारलंय की 'वॉटर' म्हणजे पाणी, म्हणजे नाम; मग 'वॉटर द प्लँट्स'मध्ये ते क्रियापद कसं झालं आणि अशा शब्दाची जात ओळखायची कशी? मी मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घ्या. लेबलवर असतं, 'शेक वेल बिफोर यूज'. माझ्याकडे येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने हे वाक्य एकेक शब्द घेऊन लावायचा प्रयत्न केला होता. 'शेक' तिला मिल्कशेकमुळे ठाऊक, 'वेल' म्हणजे विहीर, 'यूज' म्हणजे वापरणे. तिन्ही अर्थ बरोबर, पण वाक्य काही लागेना. यात तिची चूक नव्हती. एक शब्द, एक अर्थ, एक जात असं आपणच मुलांकडून घोकून घेतो. इथे 'शेक' क्रियापद आहे, हलवा. 'वेल' क्रियाविशेषण, नीट. आणि 'यूज' हे नाम, वापर. उच्चारही बघा: नाम असताना शेवटी 'स' ऐकू येतो, क्रियापद असताना 'झ'.

मराठीत शब्दाची जात बहुतेक वेळा त्याच्या अंगावरच दिसते. लाज हे नाम, लाजणे क्रियापद. लाथ, लाथाडणे. हात, हाताळणे. 'शहाण्याला शब्दाचा मार' म्हणताना 'शहाणा' हे विशेषण नामासारखं वापरलंय, पण 'ला' लागल्यामुळे ते लगेच कळतं. 'वाघाने माणसाला मारलं' हे 'माणसाला वाघाने मारलं' असं फिरवलं तरी मेला माणूसच, कारण सगळं काम 'ने' आणि 'ला' करतात. इंग्रजीत शब्दांची अशी अदलाबदल केली तर वाघ मरेल!

कधीकाळी इंग्रजीलाही असे प्रत्यय होते. हजारेक वर्षांपूर्वी प्रेम या नामाला 'लुवू' म्हणत आणि प्रेम करण्याला 'लुवियन'. पुढच्या चार-पाच शतकांत ही शेपटं झिजत गेली आणि दोन्हींचं 'लव्ह' झालं. मग ओळख उरली ती जागेवरून. म्हणून इंग्रजीत शब्द सुटा बघून त्याची जात सांगता येत नाही, तो वाक्यात कुठे बसलाय ते पाहावं लागतं.

बघायचं कसं? आधी 'टू', 'कॅन', 'विल' असेल तर पुढे बहुधा क्रियापद येतं: 'आय विल बॅक यू', मी तुला पाठिंबा देईन. आधी 'माय', 'द', 'अ' असेल तर तो गट नामावर संपतो: 'माय बॅक हर्ट्स', पाठ दुखते. त्या दोघांच्या मधे बसलेला शब्द नामाबद्दल काही सांगत असतो: 'द बॅक डोअर', मागचं दार. मात्र मधे बसला म्हणून प्रत्येक शब्द खरा विशेषण होत नाही. 'स्टोन वॉल'मधला 'स्टोन' नामच राहतो, कारण 'व्हेरी स्टोन' म्हणता येत नाही. 'क्लीन शर्ट'मधला 'क्लीन' मात्र खरा विशेषण, 'व्हेरी क्लीन' चालतं. आणि 'क्लीन द शर्ट' म्हटलं की तोच क्रियापद.

काही जोड्यांत आघात बदलतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर 'रे'वर, क्रियापद असेल तर 'कॉर्ड'वर. 'परमिट', 'एक्सपोर्ट', 'ऑब्जेक्ट' यांचंही तसंच. हे शाळेत क्वचितच सांगतात, आणि मग मुलांना वाचलेलं कळतं पण ऐकलेलं कळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पण सरसकट कुठलाही शब्द कुठेही बसवू नका. 'अराइव्ह'ला 'अरायव्हल' आणि 'डिसाइड'ला 'डिसिजन' हे वेगळे नाम आधीपासून आहेत, त्यामुळे 'माय अराइव्ह' चालत नाही.

तुम्हाला एकच सुचवतो. वहीत 'वॉटर = पाणी' लिहू नका. 'आय ड्रिंक वॉटर', 'आय वॉटर द प्लँट्स', 'द वॉटर टँक इज फुल' अशी तीन वाक्यं एकाखाली एक लिहा आणि मोठ्याने वाचा. त्या मुलीने 'वेल'ची पाच वाक्यं लिहून आणली होती, त्यातल्या दोनच वाक्यांत विहीर होती.